तोटा झाला असेल तर शून्य लिहा

आज भिशीत मी जरा जास्तच बोलले. वर्षा, तू हे वाचशीलच, म्हणून आधीच सांगते, भडंग आणि मठ्ठा फर्स्ट क्लास होता. राग तुझ्यावर नाही. तुझ्या पुतण्यावर आहे, आणि तोही आता थोडा उतरलाय. (नाही उतरला. टाइप करताना परत चढतोय.)

झालं असं. आम्ही बारा जणी, दरमहा प्रत्येकी ३,०००. नऊ वर्षं चाललेली भिशी आहे, एक हप्ता कधी चुकला नाही. चिठ्ठी निघायच्या आधी वर्षाचा पुतण्या बाहेर आला, टीपॉयवरच्या डिश सरकवून लॅपटॉप ठेवला आणि म्हणाला, काकू, पाच मिनिटं देता का. नवीन कॉइन येतंय, क्रिप्टोचं, म्हणजे नुसतं कॉम्प्युटरवर असणारं आभासी नाणं. प्री-सेल, म्हणजे बाजारात यायच्या आधीची विक्री, चालू आहे. नाण्यावर मोदकाचं चित्र! म्हणजे बायकांचा विरोध तिथेच निम्मा मावळला. लिस्टिंग झालं, म्हणजे नाणं बाजारात आलं, की किमान दहापट, आणि तुमचे ३६,००० एक महिना नुसते फिरवले तर वगैरे वगैरे. मी गप्प होते. खरंच गप्प होते. पोरगं बोलायला गोड आहे, कपडे नीटनेटके, सगळ्यांना वाकून नमस्कार करून बसलं होतं.

मग सुनंदाने विचारलं, हे कायदेशीर असतं का रे? तर म्हणाला, "काकू, सरकार तीस टक्के टॅक्स घेतं यावर. लीगल आहे म्हणूनच घेतं ना?"

आणि सात-आठ माना डोलल्या.

तिथे माझं डोकं फिरलं. कारण हेच वाक्य, अगदी हेच, मी माझ्या डायनिंग टेबलावर ऐकलंय. माझ्या भाच्याच्या तोंडून. ओंकार, दादाचा मुलगा, हिंजवडीत नोकरीला. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी त्याला मुंजीत पाहिलंय. हुशार पोरगा, व्यसन नाही, दर रविवारी आत्याकडे जेवायला येणार आणि जाताना डबा नेणार.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब लिहिलेत. किराणावाले, दोन मेडिकल, एक गॅरेज. घरातल्यांची रिटर्नंही मीच भरते. तर गेल्या वर्षी सप्टेंबरात, मुदत वाढवून मिळाली होती ती संपायला तीन दिवस असताना, ओंकार लॅपटॉप घेऊन आला. आत्या, थोडं क्रिप्टो आहे. थोडं म्हणजे ३१७ ओळींची एक्सेल. एका नाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. बँकेत एक पैसा आला नाही तरी नाणं देऊन नाणं घेतलं की ती विक्रीच धरतात, हे त्याला माहीतच नव्हतं. रात्री साडेअकरापर्यंत बसलो. बेरीज अशी आली : जुनी नाणी २०२४च्या डिसेंबरात विकली, बिटकॉइनने लाख डॉलर ओलांडले होते तेव्हाच्या धामधुमीत, त्यात नफा १,४०,०००. मग जानेवारीत अंगात आलं आणि २,००,००० एका नव्या कोऱ्या नाण्यात. कुत्र्याचं चित्र होतं त्यावर. मार्चमध्ये विकलं तेव्हा हातात २५,०००. म्हणजे तोटा १,७५,०००.

म्हणजे वर्षभरात पोरगा ३५,००० नी बुडालेला. शेंबडं पोरही सांगेल, यावर कर कसला?

रिटर्नमध्ये या आभासी मालमत्तेसाठी वेगळा तक्ता आहे. विक्रीची किंमत, खरेदीची किंमत आणि शेवटच्या रकान्यात उत्पन्न. त्या रकान्याच्या डोक्यावर कंसात सूचना आहे, तोटा असेल तर शून्य लिहा. मी ती मोठ्याने वाचली. ओंकार म्हणाला, शून्य कसं? वजा आहे ना ते? मी म्हटलं, बाळा, इथे वजा चालत नाही.

१,४०,००० वर तीस टक्के, ४२,०००. वर चार टक्के उपकर. ४३,६८०. त्यातून विकताना कापलेला एक टक्का टीडीएस वजा केला, अडीच हजारांच्या आसपास. बाकीचे भरा. व्याज वेगळं.

शेअरमध्ये तोटा झाला तर नफ्यातून वजा करता येतो, उरला तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. दुकान बुडालं तरी ओढता येतो. इथे एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा वजा होत नाही. खरेदीची किंमत सोडली तर काहीच वजा मिळत नाही. सरकार म्हणजे नफ्याच्या पंगतीला पहिलं पान मांडून बसणार आणि उष्टी काढायची वेळ आली की पाहुणा! हो, टीडीएसमुळे माग राहतो, काळा पैसा लपवणं अवघड होतं, ते मान्य. लॉटरीलाही तीसच टक्के आहे, तेही मान्य. पण मग लॉटरी आहे असं सरळ सांगा ना. लॉटरीच्या तिकिटाला कुणी 'अॅसेट' म्हणत नाही.

तर त्या रात्री ओंकार काय म्हणाला? "पण आत्या, सरकार टॅक्स घेतंय म्हणूनच मला वाटलं सेफ असेल."

आणि आज वर्षाचा पुतण्या तेच. फरक इतकाच की ओंकारने ते फसल्यावर म्हटलं, आणि हा विकायला म्हणतोय.

मला तो दिवस चांगला आठवतो. १ फेब्रुवारी २०२२. ऑफिसात बजेट लावलं होतं. बंदी येणार, बंदी येणार म्हणून धास्तावलेली पोरं तीस टक्के ऐकून पेढे वाटायला निघाली होती! कर लागला म्हणजे मान्यता मिळाली, असा सगळ्यांनी अर्थ काढला. दहाच दिवसांनी अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की हे वैध की अवैध हा प्रश्न वेगळा, कर लावणं हा सरकारचा अधिकार आहे. ते कुणाच्या कानात शिरलं? त्याआधी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं, ते परिपत्रक २०२० च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. तेव्हाही पेढे. आपल्याकडे पेढे लवकर वाटतात.

म्हणजे चोराचा धंदा असो नाहीतर सावकाराचा, उत्पन्न झालं की आयकर खातं हात पुढे करतं. ते खातं नाणं तपासून बघत नाही, नफा बघतं. एवढी साधी गोष्ट आपण एकमेकांना सांगत का नाही?

आणि नवीन नाणं काढायला लागतं काय? काही नाही. एक नाव, एक चित्र, दहा मिनिटं. चहा उकळेपर्यंत निघतं. ज्याने काढलं त्याच्याकडे पोतंभर, बाजारात मूठभर. मूठभरच असल्यामुळे चार माणसांनी घेतलं तरी भाव चढतो. भाव चढताना बघून आपण घेतो आणि तो पोतं रिकामं करतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घ्यायच्या तीन दिवस आधी, १७ जानेवारी २०२५ ला, स्वतःच्या नावाचं नाणं आणलं. ऐंशी टक्के नाणी त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे! दोन दिवसांत सत्तर डॉलरच्या वर, आणि मग घसरगुंडी. ओंकारने कुत्र्याचं नाणं घेतलं ते त्याच आठवड्यात. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या अध्यक्षांनी एका नाण्याची भलामण केली, काही तासांत भाव मातीत, आणि साहेबांनी पोस्ट उडवली. देशाचे अध्यक्ष अशी पोस्ट उडवतात, तिथे वर्षाच्या हॉलमध्ये बसलेल्या मोदकाचं काय घेऊन बसलात.

आणि आपण पुण्याची माणसं तरी शहाणी असायला हवी होती ना! गेनबिटकॉइन विसरलात? बिटकॉइन गुंतवा, महिन्याला दहा टक्के परतावा, अठरा महिने, असं आमिष होतं. आपल्याच पुण्यातली डॉक्टर-इंजिनियर माणसं त्यात होती. परतावा द्यायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेलं नाणं लोकांच्या हातावर ठेवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला धरलं. पुढचं तर कहर आहे, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या सायबर तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये अटक झाली, जप्त खात्यांतली नाणी वळवल्याच्या आरोपावरून. कुंपणानेच शेत खाल्लं की नाही ते कोर्ट ठरवेल.

हो, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी बिटकॉइन घेऊन तोंड मिटून ठेवलं त्यांचं भलं झालं. आमच्या ऑफिसात एक आहे. बरं झालं त्याचं. पुढे.

कॉमेंटमध्ये येतीलच काही जण, काकू तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही म्हणून. नसेल कळत. मला रकाना कळतो. तुमच्याच मंडळींची रड काय असते तेही ऐकते मी, ओंकारचे मित्र रविवारी माझ्याच घरी जेवतात. तीस टक्के म्हणजे लूट आहे, दुबईला जाऊ, परदेशी ॲपवरून करू, दाखवूच नको रिटर्नमध्ये. त्यातल्या एकाला आयकर खात्याचा मेल आला तेव्हा तोंड बघण्यासारखं झालं होतं. कर जाचक आहे, माझंही तेच म्हणणं आहे. पण राजेहो, तुमचं सगळं बोलणं कराबद्दल. ज्याने पोतं रिकामं केलं त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. ओंकारचे ४३,००० सरकारने घेतले, ते पावतीवर दिसतात. पावणेदोन लाख कुणी घेतले त्याचं नाव तरी सांगता येतं का? २०२४ च्या जुलैत आपल्याच देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या बाजारावर, ऑनलाइन दरोडा पडला, २३ कोटी डॉलर गेले, लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. कर मात्र ज्याचा त्याने भरायचाच होता.

श्वास घेते जरा.

आता खरं सांगून टाकते. आज इतकी चिडले त्याचं कारण वेगळं आहे. ओंकारच्या त्या दोन लाखांत चाळीस हजार माझे होते.

डिसेंबरात तो जेवायला आला, मोबाइल दाखवला, आत्या बघ, नव्वद हजारांचे दोन लाख तीस हजार. मी चाळीस वर्षं लोकांना आकडे नीट बघा म्हणून सांगत आले, आणि त्या हिरव्या आकड्याकडे बघताना माझ्या मनात आलं, एफडी मोडावी का? पोळ्या लाटताना आलं, भांडी घासताना आलं. नुसतं आलं नाही, जानेवारीत जाऊन मोडली. शिलाईच्या मशीनसाठी ठेवलेली. ह्यांना सांगितलं नाही. (अहो, आत्ता इथे वाचताय, घरी बोलू.) ओंकारला तर मीच म्हटलं, थोडे माझेही टाक. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, अरे सरकार कर घेतं, म्हणजे काही तरी बघूनच घेत असेल ना.

हो. ते वाक्य आधी माझं होतं. ओंकारने माझं ऐकून म्हटलं की स्वतःचं म्हटलं, मी विचारलं नाही.

त्या रात्री शून्य लिहिताना मला दिसत होतं की त्यात माझेही गेलेत. तो काही बोलला नाही. दिवाळीत पाडव्याला आला, पाया पडला आणि पाकीट हातात दिलं. मला वाटलं पाचशे-हजार असतील. चाळीस हजार होते. पूर्ण. पगारातून साठवलेले. मी म्हणायला हवं होतं, ठेव रे. मी घेतले. मशीनही घेतली. आज ज्या ब्लाउजचं वर्षाने कौतुक केलं ना, तो त्याच मशीनवर शिवलाय.

म्हणून वर्षा, तुझ्या पुतण्याला मी जे बोलले, की घर फोडायला निघालास का, ते शब्द परत घेते. पोरगं आहे. त्यालाही कुणीतरी हेच शिकवलं असणार, शंभर जणांना आण, इतके टक्के तुझे. पण ३६,००० देणार नाही. सुनंदाने मला बाहेर येताना हळूच विचारलं की पाच हजार टाकून बघू का, गेले तर गेले. मी म्हटलं, टाक, पण मार्चनंतर माझ्याकडे रिटर्न घेऊन येशील तेव्हा रडायचं नाही. ती हसली. टाकणार आहे ती, मला माहितीये.

हे लिहीत असतानाच मोदकाच्या ग्रुपमध्ये मला कुणीतरी ॲड केलं. प्री-सेल संपायला दोन तास, असं घड्याळ फिरतंय. कालही दोनच तास होते म्हणे.

पुढची भिशी माझ्याकडे. मिसळ करणार आहे. चिठ्ठी आधी, खाणं नंतर, लॅपटॉप चपलांपाशी.

एडिट : ह्यांनी पोस्ट वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, भिशीचे किती बुडाले म्हणालीस? अहो, भिशीचे नाही बुडाले. नीट वाचा.