तेल गेले, बूच आले

थंडी पडल्याचं कळायला नाशिकमध्ये हवामान खात्याची गरज नाही. खोबरेल तेलाची बाटली उलटी करायची. काही पडलं नाही, की माळ्यावरून स्वेटर काढायचे.

खोबरेल वितळतं साधारण २४ अंशांना. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्याही खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली. त्यामुळे दिवाळी सरली की तेल जे मौन धरतं, ते महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाईपर्यंत.

बरं, थिजण्यालाही शिस्त नाही. तेल बनतं मेदाम्लांपासून; यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, बाकीची निरनिराळी, वेगवेगळ्या अंशांना वितळणारी. त्यामुळे बर्फासारखं ठरल्या अंशाला वितळणं नाही. आधी मऊ, मग रवाळ, मग पातळ. थिजताना तर २४ च्या खाली उतरूनही चालढकल चालते आणि एकदा कण जमला की भराभर सगळं पांढरं. रात्री वाहती असलेली बाटली सकाळी दगड.

घाईचा उपाय म्हणजे बाटली दोन मिनिटं गीझरच्या नळाखाली धरणं. कडेचं तेल वितळतं, मधला गाभा तसाच राहतो; कारण तेल उष्णता आत पोचवण्यात महाआळशी, आणि जी पोचते ती तापमान वाढवण्यापेक्षा वितळवण्यातच खर्ची पडते. आता बाटली उलटी करा. आत पाणी असतं तर बर्फाचा खडा तरंगत बुडाकडे गेला असता. पण बर्फ हा अपवाद. खोबरेल थिजताना आकसतं, म्हणून स्वतःच्याच पातळ तेलात बुडतं. गाभा सरळ खाली येतो आणि बाटलीच्या मानेत बुचासारखा बसतो. मी दाबतो. काही नाही. जोरात दाबतो. फट्कन बूच तळहातावर आणि मागोमाग पाव वाटी तेल बनियनवर.

खरी रीत अशी: हाताला सोसेल इतकं, ४५-५० अंशांचं पाणी भांड्यात घ्यायचं, झाकण घट्ट लावून बाटली खांद्यापर्यंत बुडवायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, मधे दोनदा हलवायची. उकळतं पाणी नको. पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली सत्तरीच्या पुढे मऊ पडून कंबर मोडल्यासारखी वाकते. निफाडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पण ती युक्ती न्हाणीघरात आणू नये. तेल वाटीत काढून थेट गॅसवर ठेवणाऱ्यांनीही वाटी कोरडी आहे ना ते बघावं. ओल्या हाताचा थेंब आत गेला तर तो तळाशी बसतो, शंभरीच्या आसपास वाफ होऊन सोळाशेपट फुगतो, आणि तेल ओट्यामागच्या टाइल्सवर.

थोडं तिळाचं तेल मिसळलं की थिजणं कमी होतं, पण मग डोक्याला चिक्कीचा वास येतो, अशी घरातून तक्रार.

सगळ्यात सोपी रुंद तोंडाची बरणी. चमच्याच्या दांड्याने चिमूटभर खरवडायचं. तळहात ३३-३४ अंशांचा, त्यामुळे पांढरा कण कडेने पारदर्शक होत जातो आणि बघता बघता रेषांमधून पसरतो. बरणी घरात आहे. फक्त ती ऑक्टोबरात, तेल पातळ असताना भरायची असते, आणि तेव्हा ती लोणच्याने अडवलेली असते.