‘सीएसएम चालू करा, डिस्क एमबीआर करा’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नवा कॉम्प्युटर जुळवला आणि त्यावर विंडोज पडेना, की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर ठरलेला मेसेज येऊन पडतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : बायोसमध्ये सीएसएम चालू करा, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही उठू न देणारी सोय) बंद करा, डिस्क एमबीआर करून घ्या. ड्राइव्ह दिसली नाही तर एसएसडी मेलेली आहे, परत पाठवा. स्क्रीन काळा राहिला तर रॅम गेली. विंडोज ११ साठी टीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी) चिप वेगळी घ्यावी लागते. आधी बायोस अपडेट, मग बाकीचं. आणि आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी केली की बास.

हा सल्ला जुन्या एच६१ मदरबोर्डाच्या काळातला आहे. त्या बोर्डावर तो चालायचा, म्हणून लोक आजही तो डोळे झाकून पुढे ढकलतात. आज विश्रामबागेत किंवा कुपवाडला कुणी बी७६० नाहीतर बी६५० अशा नव्या बोर्डावर मशीन जुळवत असेल, तर यातल्या निम्म्या गोष्टी चुकीच्या आहेत आणि उरलेल्या अर्धवट.

सीएसएम आणि एमबीआरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. बायोस म्हणजे मशीन उठवणारा बोर्डावरचा प्रोग्राम. त्याची नवी पद्धत यूईएफआय, आणि जुनी, लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय म्हणजे सीएसएम. एमबीआर ही डिस्कवरच्या पार्टिशनची जुनी मांडणी, जीपीटी नवी.

डिस्क निवडायच्या पानावर खाली पिवळ्या खुणेशेजारी एक ओळ येते. ती कुणी वाचत नाही. या ओळीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पहिली ओळ : ‘द सिलेक्टेड डिस्क इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल’. म्हणजे डिस्क नव्या पद्धतीची आहे, पण इन्स्टॉलर जुन्या, लेगसी मोडमध्ये उठलाय. दोष डिस्कचा नाही, पेनड्राइव्ह उठवण्याच्या पद्धतीचा आहे. सीएसएम चालू असलं की बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लावून. दुसरा निवडा. मेनूची की असूसवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११. त्याहून बरं म्हणजे सीएसएम बंदच करून टाका, मग चुकायला जागाच उरत नाही.

दुसरी ओळ : ‘द सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल’. ही बहुधा जुन्या मशीनमधून काढून लावलेल्या डिस्कवर येते. इथं इन्स्टॉलर बरोबर उठलाय, डिस्क जुनी आहे. मेसेज म्हणतो त्याच्या नेमकं उलट करायचं, म्हणजे डिस्क जीपीटी करायची. त्याच पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडली की क्रमाने इंग्रजीत टाइप करा : डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. ‘क्लीन’ विचारत नाही, थांबत नाही, पार्टिशनचा सगळा नकाशा पुसून टाकते. नंबर ओळखायचा तो आकड्यावरून : १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५०० ची ४६५. दुकानदाराने कमी दिलेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

हे करण्याआधी मशीन बंद करून फोटो-हिशेब असलेल्या जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. चुकून तीच पुसली जाण्याचा धोका टळतो, पण दुसरं कारणही आहे. दोन डिस्क लावलेल्या असतील तर इन्स्टॉलर विंडोज नव्या एसएसडीवर टाकतो आणि १०० एमबीचं बूट पार्टिशन कधीकधी जुन्या डिस्कवर ठेवतो. सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नवी एसएसडी धडधाकट असूनही विंडोज उठत नाही.

सीएसएम चालू ठेवून लेगसी पद्धतीने विंडोज मारली तर काय बिघडतं? विंडोज ११ चा इन्स्टॉलर तिथंच नकार देतो, त्याला यूईएफआय लागतंच. विंडोज १० पडेल, पण तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एमबीआर डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. ग्राफिक कार्डाचं रीसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) चालू होत नाही. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम बघितल्याशिवाय सुरू होत नाही. शिवाय इंटेलच्या ५०० मालिकेच्या चिपसेटपासून ऑनबोर्ड ग्राफिक्सवर सीएसएम चालतच नाही, त्यामुळे वेगळं कार्ड नसेल तर मेसेजमधला हा पर्याय बायोसमध्ये करड्या अक्षरांत बसलेला दिसेल.

मेसेजची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. जुन्या मशीनमधलं दहा-बारा वर्षांचं ग्राफिक कार्ड नव्या बोर्डावर लावलं, तर त्यात यूईएफआयचं फर्मवेअर नसू शकतं आणि सीएसएमशिवाय चित्रच येत नाही. तिथं सीएसएमचा खरा उपयोग आहे. पण तो अपवाद झाला.

सिक्युअर बूट बंद करायची तर गरजच नाही. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत इन्स्टॉलर सही केलेला असतो, तो सिक्युअर बूट चालू असताना उठतो. उबुंटू आणि फेडोराही उठतात. सिक्युअर बूटवर अडतो तो बहुतेक वेळा कुणीतरी कापून-छाटून ‘लाइट’ केलेला आयएसओ, आणि तो अडला ते बरंच झालं.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच लेगसीत विंडोज टाकली आहे, त्यांनी परत फॉरमॅट मारू नये. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवा. ‘बायोस मोड’ पुढे लेगसी असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट, आणि लगेच बायोसमध्ये सीएसएम बंद. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. बॅकअप घेऊनच हात घाला.

आता ‘ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे एसएसडी मेली’. या एका वाक्यापायी चांगल्या एसएसडी कुरिअरने परत जातात. आधी बायोसमध्ये बघा. तिथं एसएसडीचं नाव दिसतंय आणि विंडोजच्या यादीत नाही, तर एसएसडी जिवंत आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासून व्हीएमडी नावाची सोय आली आणि काही बोर्डांवर ती आधीपासूनच चालू असते. तिच्या आड गेलेली ड्राइव्ह विंडोजच्या इन्स्टॉलरला ड्रायव्हरशिवाय दिसत नाही. रेड (अनेक डिस्क जोडून एक करणं) करायचं नसेल तर व्हीएमडी सरळ बंद करा. असूसवर ते ॲडव्हान्स्डमध्ये सिस्टिम एजंट कॉन्फिगरेशनखाली सापडतं. ठेवायचंच असेल तर बोर्डाच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उघडून फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा. झिप किंवा ईएक्सई तशीच टाकली तर इन्स्टॉलरला त्यात काही सापडत नाही, त्याला आयएनएफ फाइल लागते. हा निर्णय विंडोज टाकायच्या आधीच घ्या. नंतर व्हीएमडी चालू-बंद केलं तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते, आणि लोक पुन्हा एसएसडीलाच दोष देतात.

बायोसलाही दिसत नसेल तर हात डब्यात घालावा लागेल. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, त्यामुळे ‘सीपीयूत एसएसडी दिसत नाही’ या तक्रारीचा अर्थ लावतानाच अर्धा वेळ जातो.) एम.२ ची, म्हणजे थेट बोर्डात बसणाऱ्या एसएसडीची पट्टी तिरकी घालून आत दाबायची. सोनेरी दात दिसेनासे झाले की दुसरं टोक खाली दाबून स्क्रू लावायचा. दात थोडे जरी बाहेर राहिले तरी स्क्रू बसतो आणि वरून सगळं नीट वाटतं, ड्राइव्ह मात्र सापडत नाही. मग पट्टीची जात बघा. दाताच्या रांगेत दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा जातीची आहे, आणि बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई या दुसऱ्या, वेगवान जातीची पट्टी घेतो. बी५६० बोर्डावर स्वस्तात मिळालेला १०व्या पिढीचा प्रोसेसर बसवला असेल तर वरचा एम.२ स्लॉट चालतच नाही, त्याला ११वी पिढी लागते. पट्टी खालच्या स्लॉटात लावा. उलट प्रकारही होतो : काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, मग जुनी हार्ड डिस्क ‘मरते’. कोणता स्लॉट कोणता पोर्ट खातो त्याचा तक्ता बोर्डाच्या पुस्तिकेत असतो. दुसऱ्या स्लॉटात आणि दुसऱ्या मशीनवरही नाव आलं नाही, तरच ती परत पाठवा.

काळ्या स्क्रीनला ‘रॅम गेली’ म्हणणं आणखी घाईचं. डीडीआर५ रॅम असलेलं नवं मशीन पहिल्यांदा चालू केलं की बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतं, म्हणजे तिच्याशी वेग जुळवून घेतं. एएमडीच्या एएम५ बोर्डावर याला कित्येक मिनिटं लागतात, ६४ जीबी असेल तर आणखी जास्त. तोवर मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, पंखे फिरतायत, बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा जळतोय. एवढ्यात घाबरून पॉवरचं बटण दाबून ठेवलं की ट्रेनिंग पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका. बायोस अपडेट केल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायोसच्या सेटिंग मूळ जागी आणल्यावर) हे पुन्हा होतं.

पंधरा मिनिटांनंतरही चित्र नाही, तर मॉनिटरची केबल कुठं लावलीय ते बघा. नावापुढे एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला, रायझन ५ ५६०० ला आणि ७५००एफ ला आतलं ग्राफिक्स नसतं. बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावून चित्र कधीच येणार नाही, कार्डाला लावा. दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची ८ पिनची केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि ती लावायचीच राहून जाते. आणि शेवटचा ‘बूट’ दिवा जळत राहिला तर तो बिघाड नाही. मशीनमध्ये अजून विंडोज नाही, म्हणून तो जळतोय!

टीपीएमचं एका ओळीत. आठव्या पिढीपासूनच्या इंटेलमध्ये आणि रायझन २००० पासूनच्या बहुतेक एएमडीमध्ये ते आतच आहे. बायोसमध्ये इंटेलला पीटीटी, एएमडीला एफटीपीएम चालू करा. चिप विकत घेऊ नका.

‘आधी बायोस अपडेट’ हा मेसेजमधला त्यातल्या त्यात बरा मुद्दा, पण सरसकट नाही. बोर्ड आधीचं आणि प्रोसेसर नंतर बाजारात आलेला असेल, जसं बी४५० वर रायझन ५०००, बी६६० वर १३वी-१४वी पिढी, बी६५० वर रायझन ९०००, तर लागतं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांसाठी २०२४ मध्ये जास्त व्होल्टेजच्या बिघाडावर मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आला, तिथं तर कराच. बाकी मशीन सुरळीत चालत असेल तर विंडोज टाकून झाल्यावर निवांत करा. बायोसची फाइल फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, आणि मशीन यूपीएसवर. एप्रिल-मे महिन्यात चारनंतर आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी राहू द्या. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते, आणि अर्धवट लिहिलेला बायोस बोर्डाला तिथंच बसवतो. बोर्डावर फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस थेट लिहिणारं) बटण असेल तर अशातूनही ते उठवता येतं. नसेल तर बायोसची चिप लिहायचं यंत्र (प्रोग्रामर) असलेला दुरुस्तीवाला शोधावा लागतो.

आयएसओ कॉपी करणं : फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, आणि विंडोजच्या आयएसओतली इन्स्टॉल.विम हल्ली त्याहून मोठी असते. ती फाइल सोडून बाकी सगळं कॉपी होतं, पेनड्राइव्ह उठतो, आणि मधेच अडतो. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, नाहीतर रूफस. रूफसमध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडा. इन्स्टॉलर ‘मीडिया ड्रायव्हर’ मागू लागला तर ड्रायव्हर शोधत बसू नका. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावा, तरी नाही झालं तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने बनवा. फाइली कॉपी होताना दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर ८००७०५७० किंवा ८००७०२५डी ने संपणारा एरर येत असेल, तर मात्र रॅमवर संशय घ्यायला जागा आहे. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वाढीव वेग) बंद करून रॅम मूळ वेगावर आणा आणि मगच विंडोज टाका. तरी येत असेल तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी ती रॅम नापास. एकेक पट्टी लावून कोणती ते शोधा.

मेसेजमध्ये नसलेल्या पण रोज अडवणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या. पहिल्या रीस्टार्टनंतर ‘भाषा निवडा’चं पान पुन्हा आलं तर इन्स्टॉल फसलेलं नाही, मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरून उठलंय. पेनड्राइव्ह काढा किंवा बूट मेनूत ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. आणि विंडोज ११ शेवटी इंटरनेट मागते तेव्हा नव्या बोर्डाच्या २.५ जीचा लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर तिच्याकडे नसतो. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, नेट मिळतं आणि खातं उघडलं की लॅनचा ड्रायव्हरही बहुधा आपोआप उतरतो. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात त्याचा पासवर्ड लिहून ठेवा, कारण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते आणि पुढे बायोस अपडेटनंतर मागितली जाणारी डिस्क उघडायची ४८ आकडी बिटलॉकर की त्याच खात्यात असते.