उणे एकवीस हजार चारशे साठ

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आमचं तीन मजल्यांचं घर आहे आणि त्या घराला मीटर एकच आहे. खाली आम्ही, मधे नानाकाका, वर आत्या. मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा १९९४ साली गेले, पण वीज कंपनीच्या दप्तरी ते अजून ठणठणीत आहेत. दर महिन्याला वीज जाळतात आणि मुदतीआधी बिल भरल्याची एक टक्का सूटही मिळवतात. हयातीत त्यांनी कुठलंही बिल मुदतीआधी भरल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

चुली वेगळ्या झाल्या, भांडी वाटली गेली, देव्हाऱ्यातले देवसुद्धा तीन मजल्यांवर गेले, फक्त मीटर वाटायचा राहिला. तो वेगळा करायचा तर आधी आजोबांचं नाव काढायला हवं. नाव काढायचं म्हटलं की वारसांच्या सह्या आल्या. आणि सह्यांचा विषय निघाला की नानाकाका म्हणतात, "मग गावाकडच्या सातबाऱ्याचंही एकदाच बघून टाकू." त्यावर सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवतात.

बिल मी भरतो आणि मग वर्गणी गोळा करतो. त्यातही सरळ तिसरा हिस्सा कुणी देईल तर शपथ. वीजदराला पायऱ्या असतात: शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा, आणि वरची प्रत्येक पायरी खालच्यापेक्षा चांगलीच महाग. आमचे तिघांचे मिळून ३७५ युनिट होतात. तीन मीटर असते तर प्रत्येकाचे सव्वाशेच्या आसपास झाले असते आणि तिसऱ्या पायरीचं तोंडही कुणी पाहिलं नसतं. एकत्र आहोत म्हणून पंचाहत्तर युनिट त्या महागड्या पायरीवर जाऊन बसतात. ते पंचाहत्तर कुणाचे, हा आमच्या घरातला सर्वांत जुना चालू खटला आहे. आत्या म्हणते, "मी पहाटे पाचला गीझर लावते. तेव्हा तुम्ही घोरत असता. म्हणजे पहिली शंभर माझी." नानाकाका म्हणतात, त्यांचा मजला मधला, तेव्हा त्यांची युनिटंही मधल्या दराची. उरलो आम्ही.

अशा घरात एप्रिलमध्ये बिल आलं: देय रक्कम, उणे २१,४६० रुपये.

उणे हे चिन्ह इतकं बारीक छापलेलं होतं की आधी मला एकवीस हजारांचं बिल आल्यासारखंच वाटलं आणि मी पहिल्यांदा वर एसीकडे आणि मग मुलाकडे पाहिलं. चष्मा लावल्यावर आडवी रेघ दिसली. मी बिलाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. वर्गणीच्या मेसेजला ज्या नानाकाकांचं उत्तर यायला पंधरवडा लागतो, त्यांचा फोन मी मोबाइल खिशात ठेवायच्या आत आला.

"किती आलेत म्हणालास?"

"आले नाहीत काका, जमा दिसतायत. चुकून."

"चुकून कसे? ती बाबांची अनामत आहे. इतक्या वर्षांचं व्याज साचलंय. तिघांत प्रत्येकी ७,१५३. माझे मला पाठव, बाकीचं तुम्ही बघा."

व्याजाचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. वीज कायदा २००३ च्या कलम ४७ प्रमाणे ग्राहकाच्या सुरक्षा ठेवीवर कंपनीला व्याज द्यावंच लागतं, आणि ते बिलातच वळतं होतं. पण सुरक्षा ठेवीचा आकडाही बिलावर छापलेला असतो, आणि आमच्या बिलावर तो होता १,८०० रुपये. एवढ्या ठेवीवर एकवीस हजार व्याज देणारी कंपनी असती तर सगळा सातारा फिक्स डिपॉझिट मोडून तिच्या दारात उभा राहिला असता. संध्याकाळपर्यंत आत्याने राजवाड्यावरून पाव किलो कंदी पेढे आणलेसुद्धा, आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, "याचे पैसे त्यातूनच कापून घे."

रात्री मी बिल घेऊन बसलो. एकदा मीटरचा तो धुकट फोटो, चालू रीडिंग, मागील रीडिंग, स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क हे सगळं ओलांडून खालच्या कोपऱ्यात गेलं की एक ओळ असते: मागील पावती, रक्कम आणि दिनांक. तिथे २६,३७० रुपये जमा होते, मार्चमधल्या तारखेला. चालू बिल ४,९१०. वजाबाकी बरोबर होती, फक्त ते २६,३७० आमच्यापैकी कुणी भरलेले नव्हते. आमच्यापैकी कुणी एकरकमी २६,३७० भरेल, ही शंकाही कुणी घेतली नाही.

म्हणजे कुणीतरी भलत्याच ग्राहक क्रमांकावर पैसे भरले होते. बारा आकड्यांचा नंबर, एक आकडा इकडचा तिकडे, की संपलं.

आता इथून पुढे सरळ आहे असं वाटतं. दुसऱ्याचे पैसे आलेत, परत करा. पण वसूल करण्याची जेवढी यंत्रणा या देशात आहे, तिच्या शतांशही परत घेण्याची नाही. हेल्पलाइन लावली. वीज गेली असल्यास एक दाबा, बिल जास्त आले असल्यास दोन दाबा, नवीन जोडणीसाठी तीन. बिल कमी आलंय म्हणणाऱ्याला दाबायला काहीच नाही. मी दोन दाबला. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, आपलं बिल किती जास्त आलं आहे?" मी म्हटलं, "उणे एकवीस हजार." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, मग आपल्याला भरणा करण्याची आवश्यकता नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

ऑफिसात गेलो. बिलिंग सेक्शनच्या साहेबांनी स्क्रीनवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. खिडकीपाशी मागे उभे असलेले दोघं-तिघंही बघायला लागले. लोक इथे भांडायला येतात. पैसे परत करायला आलेला माणूस भानगडीचाच असणार, असा एकूण सूर होता.

"जमा आहेत ना? राहू द्या की."

"पण आमचे नाहीत."

"ज्याचे गेलेत तो येईल ना बोंबलत."

"तुम्ही दुसरीकडे वळते करू शकत नाही?"

"ग्राहकाचा अर्ज लागतो. ग्राहकांना घेऊन या."

"ग्राहक वारलेत."

"कधी?"

"१९९४."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग तेच आलं, जे आम्ही एवढी वर्षं टाळत होतो: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ना-हरकत, नाव बदलाचा अर्ज, ते झालं की नवीन ग्राहकाच्या सहीने क्रेडिट वळवण्याचा अर्ज. थोडक्यात, एका अनोळखी माणसाचे पैसे त्याला मिळावेत म्हणून आम्ही आधी आमच्या इस्टेटीचा निकाल लावायचा होता.

घरी सभा भरली. आत्याचे जावई वकील आहेत. त्यांनी फोनच्या स्पीकरवरून वीज कायद्याचं कलम ५६(२) काढलं: येणं झाल्यापासून दोन वर्षांत कंपनीने मागितलं नाही आणि बिलात थकबाकी म्हणून दाखवत ठेवलं नाही, तर पुढे वसूल करता येत नाही. नानाकाकांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोन वर्षं कुणी तोंड उघडायचं नाही!" जावई म्हणाले, तसं नाही मामा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय की येणं बिल दिल्यावर सुरू होतं. चुकीचं बिल नंतर दुरुस्त करून पुरवणी मागणी पाठवता येते. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ आहेच, चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. "१८७२?" नानाकाका म्हणाले. "इंग्रजांचा कायदा अजून धरून बसलात?" आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. ती म्हणाली, "दुसऱ्याचा पैसा पचत नाही, नाना." हे वाक्य तिने पेढा संपवून म्हटलं.

ठराव झाला की कागदपत्रं गोळा करायची. शंभराचा स्टॅम्प आता चालत नाही म्हणून पाचशेचा आणला. एक आत्या नागपूरला, एक चुलतभाऊ शारजाला. चुलतभावाने विचारलं, "फक्त मीटरचंच आहे ना? घराचं काही नाही ना यात?" आणि सही करायच्या आधी मजकूर स्वतःच्या वकिलाला दाखवतो म्हणाला.

हे चाललेलं असताना घरात एक वेगळीच गोष्ट घडत होती. बिल उणे आहे ही बातमी भिंतींनाही कळली. ऐन उन्हाळा. नानाकाकांचा एसी, जो एरवी फक्त पाहुणे आल्यावर आणि तेही पाहुण्यांनी दोनदा 'उकडतंय' म्हटल्यावर लागायचा, तो दुपारी बाराला सुरू होऊन अठरावर गारेगार चालू लागला, आणि काका आत शाल घेऊन बसू लागले. आत्याने इंडक्शनची शेगडी घेतली. "गॅस कशाला जाळायचा? ही वीज भरलेलीच आहे." आमचे चिरंजीव रात्रभर कॉम्प्युटर सुरू ठेवून झोपायला लागले. मी गीझर बंद करत हिंडायचो आणि माझ्या मागून कुणीतरी तो लावत यायचं. पुढचं बिल ७,१२० चं झालं, त्याच्या पुढचं ९,४८०. युनिटं पाचशेच्या वर गेली, म्हणजे आम्ही चौथी पायरीही पाहिली. दोन्ही बिलं त्या अनोळखी माणसाच्या पैशांतून आपोआप वळती झाली आणि उणे २१,४६० चे उणे ४,८६० राहिले. कुणाचं ते अजून माहीत नव्हतं, पण त्याच्या खर्चाने आमचे काका शाल पांघरत होते.

एका रविवारी दुपारी दारात एक गृहस्थ उभे. डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या बाहीला पीठ. करंज्यात त्यांची गिरणी. मार्चचं बिल चेकने भरलेलं, पावती घेतलेली, ती न वाचता गल्ल्यात टाकलेली. महिन्याभराने थकबाकीचं बिल, मग पंधरा दिवसांत वीज तोडण्याची नोटीस. पावती घेऊन ते ऑफिसात खेटे घालत होते, आणि तिथे कुणालातरी शेवटी त्या पावतीवरचा ग्राहक क्रमांक वाचायची बुद्धी झाली. तो आमचा होता.

त्यांनी चेकच्या मागच्या बाजूची झेरॉक्स टेबलावर पसरली. चेकच्या मागे ग्राहक क्रमांक लिहायची पद्धत असते, तसा त्यांनी लिहिलेला. सगळे आकडे इंग्रजी, सुबक. फक्त एक 'एक' त्यांच्या हातून जुन्या सवयीने मराठी पडला होता, वर गोल आणि खाली शेपूट. खिडकीतल्या मुलाने तो इंग्रजी नऊ वाचला. नऊ घातला की आमचे आजोबा.

"चूक तशी कुणाचीच न्हाई वो," गिरणीवाले म्हणाले. "आमच्या मास्तरांनी एक असाच शिकवलेला."

आत्याने मान डोलावली. शिक्षकांवर येतंय म्हटल्यावर ती एरवी गप्प बसत नाही, पण पेढ्यांचं ओझं होतं. वरून एसीच्या बाहेरच्या मशीनची घरघर येत होती. नानाकाका हळूच उठले, जिना चढून गेले, घरघर बंद झाली, आणि ते कपाळाचा घाम पुसत खाली आले. मग गिरणीवाल्यांना आग्रहाने चहा पाजत त्यांनी विचारलं, "तुमचं बिल सव्वीस हजार येतं? सगळी युनिटं तुमची एकट्याचीच?" गिरणीवाले हो म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे इतक्या आदराने पाहिलं की काय सांगू.

त्या गृहस्थांनी स्वतःचा तक्रार अर्ज, पावती आणि बँकेचं स्टेटमेंट दिल्यावर ऑफिसने एका फटक्यात नोंद फिरवली. त्यासाठी ना आजोबांचा दाखला लागला ना शारजाची सही. आम्ही मात्र बरोबर राहिलो: २६,३७० उलटे गेले, आणि आमच्या नावावर देय रक्कम आली २१,५१० रुपये.

मी फोटो ग्रुपवर टाकला. बऱ्याच वेळाने नानाकाकांचं उत्तर आलं, "उणे २१,४६० होते ना? म्हणजे पन्नासच रुपयांचा फरक आहे."

मी वर जाऊन त्यांना कागदावर मांडून दाखवलं. एप्रिलपासूनची तीन बिलं, ४,९१०, ७,१२०, ९,४८०, ही आपलीच, आपण भरलीच नव्हती, बेरीज २१,५१०. त्यांनी बेरीज तपासली. मग शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाचशेच्या वरचे युनिट कुणाचे?" वरच्या जिन्यातून आत्याचा आवाज आला, "इंडक्शन पाचशेच्या आतच बसतं, मी बघितलंय." खटला पुन्हा पहिल्या पानावर आला.

बिल मी भरलं. आत्याने तिचा हिस्सा दिला, त्यातून पेढ्यांचे पैसे वजा करून. शारजाहून सही केलेला कागद नंतर आला, वकिलाच्या तीन दुरुस्त्यांसह, आणि तो आता कशालाच नको होता. राहता राहिला तो पाचशेचा स्टॅम्प पेपर. त्याचे तीन भाग करू म्हणून मीच ग्रुपवर टाकलं. प्रत्येकी १६६ रुपये ६७ पैसे.

नानाकाकांनी लगेच १६६ पाठवले. सदुसष्ट पैशांचं, म्हणाले, सातबाऱ्याच्या वेळी बघू.