'सर्वानुमते' हा शब्द मी लिहिला होता

नमस्कार ताई,

बायकांच्या संघटनांमधल्या न दिसणाऱ्या सत्तेबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की बायकांच्या संघटनेत कोणी साहेब नसतं, सगळ्या ताई असतात; पदं, नियम, मतदान ही पुरुषी पद्धत; आणि मी घरातलं चव्हाट्यावर आणून विरोधकांच्या हाती कोलीत दिलं. ती भीती मलाही होती, म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले.

लेखात जे लिहायचं धाडस झालं नाही, ते आता लिहिते. आमच्या बैठका नाशिकला, गंगापूर रोडवर एका ताईंच्या घरी, संध्याकाळी सहाला. पेठ तालुक्यातून येणारी आमची एक आदिवासी कार्यकर्ती तासाभरात पिशवी उचलायची, कारण सीबीएस बसस्थानकावर जाऊन बस धरायची असे. महत्त्वाचं बोलणं ती गेल्यावर, दुसरा चहा झाला की निघे. मुद्दाम कोणी करत नव्हतं. उरलेल्या पाचजणी शहरातल्या, सवर्ण घरांतल्या, कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. बोलता बोलता ठरून जायचं. तिच्या तालुक्यातलं केंद्र बंद करायचं तेही असंच ठरलं. इतिवृत्ताची वही माझ्याकडे होती. मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'.

पुढच्या महिन्यात तिनं वही उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, यात मी कुठं आहे?" मला बोलता आलं नाही. त्यानंतर ती आली नाही.

तिथं साहेब कोणी नव्हतंच. त्यामुळे दाद मागायची कुणाकडे, हेही तिला कळेना. 'ताई' हा शब्द मलाही जवळचा आहे, पण थोरल्या बहिणीला उलट विचारायचं नसतं, हेही त्याच्यासोबत येतं. अध्यक्षांना हिशेब मागता येतो. ताईंना मागितला की त्या दुखावतात आणि मागणारी कृतघ्न ठरते.

अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० मध्येच हे मांडलं होतं: रचना नाही म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच, ती मैत्रीत दडलेली असते आणि दडलेली असल्यानं तिला जाब विचारता येत नाही. त्यांचे उपायही साधे. काम नेमून द्या, ते करणारी गटाला बांधील राहू दे, कामं फिरती ठेवा, माहिती सगळ्यांपर्यंत जाऊ द्या.

पदं कागदापुरतीच असतात, असं तुम्ही लिहिलंय. संस्था नोंदवायला किमान ७ जण लागतात, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. म्हणजे पदं आहेतच. आमच्याकडे पेठच्या त्या कार्यकर्तीचं नाव कार्यकारिणीत होतं. चेकवर सह्या मात्र पहिल्या दिवसापासून त्याच दोघींच्या.

तुमचा एक मुद्दा मला मान्य आहे. नियम केले म्हणून बरोबरी येत नाही, निवडून आलेली अध्यक्षही खुर्ची धरून बसते. आणि लेख टाकण्याआधी जुन्या सहकाऱ्यांशी बोलायला हवं होतं, तेही माझं चुकलंच.

आता जिथं काम करते तिथं बैठक दुपारी एकला, सीबीएसपासून चालत जाता येईल अशा जागी. वही दर वेळी नव्या हातात. गेल्या बैठकीत सुरगाण्याच्या एका मुलीनं माझ्या ठरावाला विरोध केला आणि तो पडला. दोन दिवस मला वाईट वाटत होतं. वही तिच्याकडेच होती. तिनं लिहिलंय, 'नामंजूर, ७ विरुद्ध ४', आणि खाली अकराही जणींच्या सह्या घेतल्यात.