आतड्यांना वठणीवर आणा

पोट तुमचं, तर हुकूमही तुमचाच चालला पाहिजे. पण घास गिळला की पुढे तुम्हाला कोणी विचारत नाही. तुमच्या ताब्यात जागा दोनच: तोंड आणि शेवटच्या दाराची बाहेरची कडी. मधलं 6 मीटर लहान आतडं आणि दीड मीटर मोठं आतडं परस्पर कारभार करतं. तेव्हा निदान या दोन ठिकाणी तरी असा अंमल गाजवा की आतल्यांची पळापळ झाली पाहिजे.

चावू नका. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य भाकरीच्या पिठाचं काम तोंडातच सुरू करतं. त्याला वेळ देणं म्हणजे लाड. रील बघत घास ढकला. अन्ननलिकेची लाट तो खाली नेतेच, तुम्ही शीर्षासनात असलात तरी. (वडापाव घेऊन खात्री करायची असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.)

पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. पंगतीत याचं सोनं करा. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन दोनदा फिरून जातो तेवढ्यात. पुढे तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून एक संप्रेरक सुटतं, पित्ताशयाला पित्त सोडायला लावतं आणि जठराला दटावतं, 'हळू पाठव.' तुमची सही न घेता!

नसा तोडून धाक बसवायचा विचार असेल तर तो सोडा. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याच्या नसा कापल्या आणि त्यात आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंडाने रस गाळलाच. निरोप रक्तातून गेला होता. निरोप्याचं नाव सिक्रेटिन. शिवाय आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी स्वतःच बसून निर्णय घेतात. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची मोठी नस जाते खरी, पण तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर निरोप नेतात. वरून हुकूम थोडे, खालून तक्रारी फार. मालकाने तक्रारी वाचायच्या नसतात.

पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडलोट होते. ती होऊ देऊ नका. झाडूवाला दिसला की फरसाणाची मूठ टाका.

जेवल्यावर आडवे व्हा, पण वामकुक्षी नको. आजोबा डाव्या कुशीवर पडायचे. त्या कुशीवर जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं, मग जळजळीची मजा कुठून येणार? उजवी कूस, हातात मोबाइल.

राहता राहिली कडी. सकाळी चहा पोटात गेला की मोठं आतडं जागं होतं. आतली कडी आपोआप सैल पडते. बाहेरची तुमची, ती घट्ट धरा. मीटिंग आहे, लोकल आहे, उद्या बघू. थांबलेल्या मालातलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं आणि माल दगड होतो. मग दुसऱ्या दिवशी तासभर संडासात बसा. बाहेरून कोणी दार वाजवलं तर सांगा, मालक कामात आहेत.