थ्रॉटल पुढे सरकतो, ही चूक आमचीच

नमस्कार साहेब,

तुमच्या घरी बांधलेल्या विमानासाठी आम्ही केलेल्या क्वाड्रंटबद्दल (इंजिनचे लिव्हर बसवलेला सांगाडा) तुमचा अभिप्राय कारखान्यात सगळ्यांनी वाचला, लेथवरच्या पोरांनीसुद्धा. तुमच्या तक्रारी चार: हात काढला की थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा, लिव्हर आपोआप पुढे, जास्त ताकदीकडे, जातो, नॉब तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे नाहीत, फ्युएल कॉक (पेट्रोलची तोटी) बंद करताना अडतो आणि माल पाच आठवडे उशिरा मिळाला.

पहिली तक्रार सगळ्यांत गंभीर आणि पूर्ण खरी आहे. तुमच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) आहेत आणि त्यांच्या स्प्रिंगा थ्रॉटल उघडायच्या बाजूला ओढतात. केबल तुटली तर इंजिन मंद पडू नये, पूर्ण ताकदीवर जावं, म्हणून ती रचना. मोटारीत नेमकं उलटं असतं, तिथे स्प्रिंग थ्रॉटल मिटवते. म्हणजे विमानातल्या लिव्हरला दोन्ही स्प्रिंगांची ओढ सतत पेलावी लागते आणि ते काम घर्षणाच्या वॉशरचं. आम्ही क्वाड्रंट बेंचवर नुसत्या केबलला जोडून तपासला, हाताला घट्ट लागला आणि पास केला. इंजिनची ओढ त्यावर कधी पडलीच नव्हती. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, विमान आपणहून वेग घेऊ लागलं, हे तुमचं वाक्य मी तीन वेळा वाचलं. साहेब, मनापासून माफी मागतो.

आता वॉशर मोठ्या व्यासाचे केलेत, नट आपोआप सैल होणार नाही असा घेतलाय आणि केबलला दोन स्प्रिंगांच्या ओढीइतकं वजन टांगून क्वाड्रंट रात्रभर तसाच ठेवला. लिव्हर जागचा हलला नाही. इथून पुढे प्रत्येक नग असाच तपासून जाईल.

नॉबांचं मात्र मला सविस्तर सांगू द्या. थ्रॉटल, चोक (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारा) आणि कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा देणारा), तिन्हींना एकसारखे गोल, बफिंग केलेले नॉब तुम्ही मागितले होते. पॅनेल देखणं दिसलं असतं, यात शंका नाही. पण उतरताना काय होतं ते बघा. थ्रॉटल मागे घेतलेला, नजर धावपट्टीवर, आणि हात न बघता कार्बोरेटर हीट शोधतोय. त्या घाईत चोक ओढला गेला तर? या इंजिनात चोकचा परिणाम थ्रॉटल मिटलेला असतानाच जास्त होतो. पेट्रोल जादा होऊन इंजिन बंद पडू शकतं, तेही जमिनीजवळ. म्हणून आम्ही थ्रॉटलचा नॉब गुळगुळीत ठेवला, चोकच्या कडेला खाचा पाडल्या आणि हीटचा नॉब चौकोनी केला. अंधारातही बोटांना फरक कळावा, एवढाच हेतू.

हे खूळ आमचं नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ ही अमेरिकी बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घेत, कारण दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि सारखेच होते. अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञानं चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा लावायला सुचवलं. पुढे हे आकार नियमांतही आले.

फ्युएल कॉकचंही तसंच. तो बंद करायला आधी कडी उचलावी लागते, मगच फिरतो. गुडघा किंवा बाही लागून पेट्रोल बंद होऊ नये म्हणून ती दुसरी हालचाल मुद्दाम ठेवली आहे. अमेरिकेच्या हलक्या विमानांच्या प्रमाणन नियमांत अशी वेगळी हालचाल मागितलेली होती. घरी बांधलेल्या विमानाला ते बंधन नाही, पण धोका तोच आहे. कॉक सीटच्या मागे न्यायची तुमची सूचना आम्ही मानली नाही, त्याला कारण १२ ऑक्टोबर १९९७ चा अपघात. गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझेड हे घरी बांधलेलं विमान मॉन्टेरे उपसागरात कोसळलं. कॉकचा दांडा डाव्या खांद्यामागे होता, त्यावर खुणाही नव्हत्या. तो फिरवायला वळताना पाय उजव्या रडरच्या (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर दाबला गेला, असं चौकशीत निघालं. दांड्याची ती जागाही कारणांमध्ये नोंदवली गेली.

पण साहेब, एवढं सगळं आम्हाला ठाऊक होतं, तर ते जॉब लेथवर चढवण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. विमान तुमचं आहे, त्यात बसणार तुम्ही. परस्पर बदल करून खोका पाठवला, ही वागणूक चुकली. वडील याच उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग करायचे. ड्रॉइंगमध्ये रेघभर फरक करायचा असला तरी गिऱ्हाईकाची सही घ्यायचे. ती शिस्त आम्ही मोडली.

उशिराचं कारण थोडक्यात: अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर चढवायचा संरक्षक थर) आम्ही बाहेरून करून घेतो, पहिला लॉट डागाळून आला म्हणून परत पाठवला. फोन करायला हवा होता, केला नाही.

नवीन क्वाड्रंट या आठवड्यात तुमच्या हँगरवर घेऊन मी स्वतः येतो. इंजिन सुरू करून, स्प्रिंगांच्या ओढीसकट, तुमच्यासमोर तपासू. खर्च आमचा. नॉब एकसारखेच हवे असतील तर त्यांचे पैसे परत देईन, पण तसे करून देणार नाही. तोवर इंजिन सुरू करू नका.

हाच क्वाड्रंट आणखी दोन विमानांत बसलेला आहे. त्या दोघांनाही काल फोन करून विमान उभं ठेवायला सांगितलं आहे.