बाप्तिस्मा घेतला म्हणून टीबीच्या गोळ्या बंद?

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर पडलं की माणूस ख्रिस्ती झाला. जुना आजार तिथंच सुटतो, गोळ्या बंद करा. नाव बदलावं लागतं. बायको-मुलं आपोआप ख्रिस्ती होतात. जातीची सवलत तशीच राहते. वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क मात्र जातो. खाली ‘दहा जणांना पाठवा’. तो शेजारच्या काकूंपर्यंत पोचला. त्यांचा टीबीच्या औषधांचा तिसरा महिना चालू आहे. त्यांचा प्रश्न एकच होता, “मग गोळ्या कधी थांबवायच्या?” नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देत कोण बसतंय!

तर आधी गोळ्या. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन. दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन चढायला लागतं. नेमका त्याच सुमारास रोगी चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करण्याच्या सभेला गेलेला असला की श्रेय सभेला, आणि तो माइकसमोर उभा राहून साक्ष देतो. फुफ्फुसात चिवट जंतू अजून तसेच असतात. औषध सोडलं की ते पुन्हा वाढतात, त्यातले काही नेहमीच्या औषधांना दाद देईनासे होतात, आणि तोच हट्टी टीबी खोकल्यावाटे घरातल्या पोरांना मिळतो. टाइप 1 मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर दोन-चार दिवसांत जिवावर बेततं. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिटमागून फिट येते.

आणि हे सगळं ख्रिस्ताच्या नावावर, तेही मिरजेत! डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं 1894 पासून आहे. वानलेसवाडीला ते नाव कुणावरून पडलं आणि तिथं टीबीचं सॅनिटोरियम कुणी काढलं, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्यानं विचारायचं होतं. प्रार्थनेनं रोग बरा होत असल्यानं औषध नको, असं त्या मिशनऱ्यांना वाटलं असतं तर त्यांनी खाटा कशाला मांडल्या असत्या? शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला तर बायबलात प्रेषित पौलच ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. याकोबाच्या पत्रात (5:14) दुखणाइतानं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, हे कबूल. त्यात वैद्याला घालवून द्या असं कुठं आहे? तेल लावा, प्रार्थना करा, आणि गोळीही घ्या.

आता पाणी. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 8 उघडा, बहुतेक उत्तर तिथंच आहे. शोमरोनातला शिमोन हा जादूटोणा करणारा. तो विश्वास ठेवतो, बाप्तिस्माही घेतो (वचन 13). पुढे पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मिळावं म्हणून प्रेषितांपुढे, म्हणजे येशूच्या शिष्यांपुढे पैसे धरतो. त्यांच्यातला पेत्र त्याला झाडतो: पैशासकट तुझा नाश होवो, तुझं मन देवापुढे सरळ नाही, पश्चात्ताप कर. म्हणजे पाणी पडून गेलेलं आहे, तरी माणूस आत तसाच. ‘ख्रिस्ती झाल्यावर पैसे मिळतात’ म्हणणाऱ्यांनीही हाच प्रसंग वाचावा.

अर्धं सत्य द्यायचं तर तेही याच अध्यायात आहे. फिलिप्प नावाचा प्रचारक रस्त्यात भेटलेल्या कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) अधिकाऱ्याला त्याच दिवशी, दिसेल त्या पाण्यात बाप्तिस्मा देतो. काही मंडळ्या आजही त्याच दिवशी देतात. पण त्याआधी तो अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, आणि फिलिप्पानं शेजारी बसून त्याला अर्थ सांगितला.

एरवी मात्र बाप्तिस्म्याआधी काही महिने नेमानं उपासनेला यावं लागतं. शिकवणीत प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली कबुली) अर्थासह शिकायचा. मग पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू विचारतात, “कशासाठी?” नोकरी, लग्न, आजार असं उत्तर आलं तर बहुधा थांबायला सांगतात. त्यानंतर मंडळीसमोर पापाचा त्याग आणि विश्वासाची कबुली, आणि मग पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी. कुठं डोक्यावर ओततात, कुठं पूर्ण बुडवतात. कॅथलिकांत प्रौढांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. शेवटी नोंदवही: नाव, तारीख, साक्षीदार, सही. नदीवर घाऊक बुड्या मारून परतलेल्यांची बहुतेकदा हीच नोंद राहून जाते, आणि चर्चमध्ये लग्न करायचं ठरलं की धावाधाव होते.

साताऱ्यात 1917 साली ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा. पाण्यालाच सगळं मानणाऱ्यांनी त्यावर जरा विचार करावा.

नाव बदलायची सक्ती नाही. टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा, म्हणजे ‘बायको आपोआप’ हेही गेलं. लग्न त्यानं मोडत नाही. हिंदू राहिलेल्या जोडीदाराला मात्र त्या कारणावर घटस्फोट मागता येतो.

सवलतीचा मुद्दा साफ खोटा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाप्तिस्मा घेऊन अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्या महिलेची याचिका फेटाळली. अनुसूचित जमातीला हा धर्माचा नियम लागू नाही.

जमिनीचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं सांगतो. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क शाबूत आहे. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 26 प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. वारसा खुला होताना, म्हणजे तो नातेवाईक वारतो तेव्हा, ती मुलं हिंदू असतील तर मिळतो. आधी जन्मलेल्यांना ही आडकाठी नाही. तेव्हा वाद झालाच तर मुलाची जन्मतारीख आणि चर्चच्या नोंदवहीतली तारीख शेजारी ठेवून बघावी लागते.